हे कधीच म्हणत नाहीत

बरोबर पाच वाजून एक मिनिटाने बायकोचा चेहरा थिजला. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटत आलेला, आणि हात काहीतरी सांगण्यासाठी वर उचललेला. तिच्या हनुवटीखाली निळी चौकट उगवली. "आपला संगणक तपासला जात आहे. कृपया धीर धरा." काटेकोरांनी धीर धरला. तपासणी चाळीस मिनिटं चालली. ती संपली तेव्हा पलीकडे नात रडायला लागली होती आणि बायको "उद्या बोलू हं" म्हणून उठून गेली होती. हा सलग नववा दिवस होता.

काटेकोर हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडून काटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि नसेल तो जप्त करायचा, यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कचेरीने पाडलेलं हे नाव त्यांना इतकं चपखल बसलं होतं, की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवी माणसं हे गृहस्थ कोण म्हणून चौकशी करत. बोलण्यातही त्यांचा हात असाच आखडता होता. चांगल्या गोष्टीला ते 'ठीक' म्हणत आणि फारच चांगली असेल तर 'बरी'. त्याहून मोठं वजन त्यांच्या पेटीत नव्हतं.

बायको शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेली. तीन महिन्यांपूर्वी ती मुलीच्या बाळंतपणाला गेली. मुलीचं घर रेल्वेने दोन दिवसांच्या अंतरावर. निघताना टॅक्सीच्या दाराशी तिने विचारलं होतं, "तुमचं कसं होईल?" तिने निर्धास्त जावं म्हणून काटेकोर म्हणाले, "माझं काही अडत नाही." ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग गाडीत बसली. आपल्या मापात काहीतरी गफलत झाली, हे टॅक्सी वळणाआड गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर शिक्का बसला होता.

आणि खरंच काही अडत नव्हतं. ते स्वयंपाक करत, कपडे धूत, दिवे मालवत. चहासुद्धा अचूक करत. पत्ती अडीच ग्रॅम, साखर सहा ग्रॅम, घरच्या छोट्या काट्यावर तोलून. तो चहा रोज तंतोतंत सारखा होई आणि एकदाही तिच्या चहासारखा होत नसे. ती पत्ती चिमटीने टाकायची. शहरातल्या प्रत्येक दुकानातला काटा आपण तपासला आणि तिच्या चिमटीचं वजन मात्र एकदाही केलं नाही, याचं त्यांना अलीकडे फार वाईट वाटे. सवयीने दोन कप काढले जात. मग एक परत फडताळात ठेवावा लागे, आणि ते काम त्यांना अजिबात आवडत नसे.

दिवसभरात जीव लागे तो फक्त पाच वाजताच्या त्या चेहऱ्यात. कचेरी साडेचारला सुटे. एकतीस वर्षांत कधी केली नाही अशी घाई करून ते घर गाठत आणि पाचला पाच कमी असताना केस विंचरून लॅपटॉपपुढे बसत. खिशात बटणांचा फोन होता, पण त्यावर ती नुसती ऐकू येई. आणि ऐकू येणाऱ्या बायकोशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. दिसली की निदान बघत बसता येई.

जवळजवळ तीन महिने हे सुरळीत चाललं. मग अँटीव्हायरसने स्वतःला सुधारून घेतलं आणि रोजच्या तपासणीसाठी नेमका पाचचा मुहूर्त काढला. दहाव्या दिवशी काटेकोरांनी ठरवलं, हे लचांड काढूनच टाकायचं. सकाळीच बसून त्यांनी प्रोग्रॅमची यादी उघडली आणि 'काढून टाका'वर बोट दाबलं. पडद्यावर नवी चौकट आली. "हे सॉफ्टवेअर संरक्षित आहे. पासवर्ड द्या." त्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड आठवण्यासाठी एक खूण होती. बायकोने ती मराठीत टाइप केली होती :

"हे कधीच म्हणत नाहीत."

हे संरक्षण व्हायरसपासून नव्हतं, काटेकोरांपासून होतं. मागच्या वर्षी फ्रिजचं दार उघडं राहिलं की वाजणारी शिटी त्यांनी वायर तोडून बंद केली होती, आणि पाठोपाठ धूर झाल्यावर ओरडणारं यंत्रही. त्यानंतर बायकोने अँटीव्हायरसला कुलूप घातलं आणि म्हणाली, "हे आता काढून दाखवा."

खूण वाचून काटेकोरांचा समज असा झाला, की हा नियम आहे. पासवर्ड हे असं आहे, की ते कधीच म्हणत नाहीत, म्हणजे कुणापुढे उच्चारत नाहीत. नियम त्यांना पटला. त्यांनी मुलीची जन्मतारीख घातली, लग्नाची तारीख घातली, घराचा नंबर घातला. तीन चुका झाल्यावर चौकटीने त्यांना तासभर थांबायला सांगितलं. बायकोला विचारायचा प्रश्नच नव्हता. माझं काही अडत नाही, असं ज्याने म्हटलं त्याचं एका डबड्यापाशी अडलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यांनी रजा टाकली आणि लॅपटॉप काखेत मारून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा चाळिशी उलटलेला, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर असलेला माणूस. त्याने खूण दोनदा वाचली, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई कधी चिडतात का हो?"

"का?"

"नाही, 'हे कधीच म्हणत नाहीत' असं लिहिलंय. म्हणजे चारचौघांत म्हणू नये तसलं काहीतरी. ठेवतात लोक असे पासवर्ड. दुसऱ्याला सुचत नाहीत ना."

चौतीस वर्षांच्या संसारात बायकोने तोंडातून काढलेला सगळ्यात जहाल शब्द म्हणजे 'मेलं', आणि तोही गळक्या नळाला, असं काटेकोरांनी स्पष्ट केलं. दुरुस्तीवाल्याने 'मेलं' घालून पाहिलं. मग परवानगी घेऊन स्वतःच्या मनाचा एक शब्द घातला. तिसरा घालताना त्याने काटेकोरांकडे पाठ केली. चार्जर बदलायला आलेल्या एक सत्तरीच्या बाई बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी शांतपणे आणखी एक शब्द सुचवला. तो ऐकून दुरुस्तीवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि तासाभराने उपयोगी पडेल म्हणून शब्द लिहून ठेवला.

त्याचाही उपयोग झाला नाही. मग दुरुस्तीवाल्याने कुलूप सोडून भिंत फोडायचं ठरवलं. तो आतल्या फाइली हातानेच उपटून काढायला लागला. अँटीव्हायरस इतकी वर्षं ज्या हल्ल्याची वाट बघत होता तो अखेर आला होता. पडदा लाल झाला. "घुसखोरी आढळली आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी इंटरनेट आणि कॅमेरा बंद करण्यात आला आहे." सुरक्षितता आता अशी भक्कम झाली होती, की व्हायरस तर सोडाच, बायकोही आत येऊ शकत नव्हती.

"दोनच वाटा राहिल्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "एक तर पासवर्ड, नाहीतर सगळं पुसायचं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. फोटो, कागद, काय असेल ते."

त्या लॅपटॉपमध्ये बायकोने दोन उन्हाळे खपून चढवलेले घरचे सगळे जुने फोटो होते आणि प्रत्येकाखाली तिने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. काटेकोरांनी लॅपटॉप मिटला. निदान नवा फोन तरी घ्या, असं दुरुस्तीवाल्याने सुचवून पाहिलं. पण नवा फोन घेतला की तो का घेतला ते तिला सांगावं लागणार होतं.

त्या दिवशी पाच वाजता त्यांनी बटणांच्या फोनवरून सांगितलं, की लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय. "काय झालं?" तिने विचारलं. "विशेष काही नाही," ते म्हणाले. "मग अडत नाही ना काही?" "नाही." एवढ्यावर बोलणं संपलं. मग ते बराच वेळ लॅपटॉपच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. केस विंचरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी टेप घेऊन आल्या. त्या बायकांचे कपडे शिवत आणि वर्षातून एकदा आपला टेप ताणला तर नाही ना, हे काटेकोरांकडून फुकटात तपासून घेत. टेप मोजला जात असताना त्यांची नजर उघड्या लॅपटॉपकडे गेली आणि त्या हसायला लागल्या.

"अहो भाऊजी, हे म्हणजे तुम्ही."

"मी?"

"मी नाही का म्हणत, आमचे हे आज उशिरा येणार? तसे तिचे हे. तुम्ही कधीच काय म्हणत नाही, तो पासवर्ड."

काटेकोर टेप हातात घेऊन उभे राहिले. चौतीस वर्षं बायको जगाशी बोलताना त्यांना 'हे' म्हणत होती, पण ते त्यांच्या कानावर येणार कसं? त्यांच्याशी बोलताना ती 'अहो' म्हणायची. त्यामुळे ते स्वतःला 'अहो' म्हणून चांगले ओळखत होते. 'हे' म्हणून त्यांची स्वतःशी आजवर गाठच पडली नव्हती.

"मग काय म्हणत नाही तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"मला कसं माहीत असणार? म्हटलं असतं तर माहीत असतं."

वहिनींना मात्र माहीत होतं. ते 'वा' म्हणत नाहीत, 'दमलो' म्हणत नाहीत, 'तू बस, मी करतो' म्हणत नाहीत, असं त्यांनी टेपची घडी घालता घालता भराभर सांगून टाकलं. आपली बायको भिंतीपलीकडे इतकं काय काय बोलते, हेही काटेकोरांना त्याच दिवशी कळलं. दारापर्यंत गेलेल्या वहिनी मागे वळल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि करमत नाही, असंही तुम्ही म्हटल्याचं ऐकलं नाही मी. तीन महिने झाले."

काटेकोर काम हातात घेतलं की पद्धतशीर करत. त्यांनी वही आखली. अनुक्रमांक, शब्द, निकाल. एका तासात तीन शब्द घालता येत होते, म्हणजे कचेरीआधी सहा आणि कचेरीनंतर बारा. पण वहिनींचे शब्द एका दिवसात संपले, म्हणून त्यांनी कचेरीतल्या कारकुनाला बाजूला घेऊन अगदी खाजगीत विचारलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जप्त काट्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर यादी तयार होती, आणि लोक ती रांगेने येऊन वाढवत होते. 'आज एवढं पुरे.' 'चालायचंच.' 'तुम्ही म्हणता तसं.' 'झकास.' जप्त झालेला काटा सोडवायला आलेल्या एका दुकानदारालाही कुणीतरी पेन्सिल दिली. त्याने फार कळवळून 'जाऊ द्या' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्रेचाळीस शब्द झाले. काटेकोरांनी ते सगळे वहीत सुवाच्य उतरवून घेतले आणि रोज नेमाने घालत गेले. तीन दिवसांत 'निकाल' या रकान्यात त्रेचाळीस वेळा 'चूक' असं आलं. 'माझं चुकलं' चूक. 'तू म्हणालीस ते बरोबर' चूक. 'दिसतेस छान' हे घालताना घरात कुणी नसूनही त्यांनी एकदा मागे पाहिलं, आणि तेही चूक निघालं. वही पहिल्यापासून पुन्हा वाचताना त्यांना वाईट वाटलं ते स्वतःबद्दल नव्हे, तिच्याबद्दल. एवढं सगळं न ऐकता ती चौतीस वर्षं या घरात राहिली होती.

वहिनींनी दारातून सांगितलेला शब्द त्यांनी मागे ठेवला होता. तो चव्वेचाळिसावा. शुक्रवारी संध्याकाळी तो इंग्रजी अक्षरांत जुळवून लिहिला, दोनदा तपासला आणि बटण दाबलं. चूक. आधी त्यांना सुटल्यासारखं झालं. मग उदास वाटायला लागलं. आपण हे म्हणत नाही, हे तिला खटकलेलंसुद्धा दिसत नव्हतं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. एरवी फोन तेच करत. आज तिचा होता. सोमवारच्या गाडीचं तिचं तिकीट होतं, ते ठेवायचं की रद्द करायचं ते आजच ठरवायला हवं होतं. मुलगी कामावर रुजू होणार होती. पाळणाघरात जागा मिळाली होती, जावयाने वेळाही जुळवून घेतल्या होत्या. तरी आणखी दोन महिने आई राहिली तर बरं, असं मुलीला वाटत होतं.

"तिचं भागेल तसं," बायको म्हणाली. "पण इथे मला ठेवून घेतायत, आणि तिकडे काही कुणाचं अडत नाही. म्हणून म्हटलं, विचारावं."

काटेकोरांपुढे वही उघडी होती. आज पासवर्ड विचारायचाच, असं त्यांनी सकाळपासून मनाशी घोकलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. दोन महिने म्हणजे साठ दिवस. फडताळात परत ठेवायचे साठ कप. रोज दोनदा चहा, म्हणजे एकशे वीस.

"अडत नाही," ते सवयीने म्हणाले. पलीकडे नातीला उचकी लागलेली ऐकू येत होती. त्यांनी एक उचकी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. "पण करमत नाही."

"काय म्हणालात?"

"करमत नाही, म्हटलं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," बायको म्हणाली. काटेकोर चौतीस वर्षं जो शब्द वापरत आले, तो नुसता ऐकायला कसा लागतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यात बरंच काही मावत होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लॅपटॉप आला का दुरुस्त होऊन?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुरुस्तीवाला, बाकावरच्या बाई, वहिनी, नोंदवहीचं मागचं पान. ती हसायला लागली, थांबली, पुन्हा हसायला लागली. दिसत नव्हती, पण हसताना ती कपाळाला हात लावते आणि डोळे पुसते ते त्यांना पाठ होतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि हसणं संपेपर्यंत ऐकत राहिले.

"चहा छान झालाय," ती शेवटी म्हणाली.

"कुठे? मी अजून केला नाही."

"पासवर्ड हो. चहा छान झालाय. इंग्रजीत, सगळं जोडून."

काटेकोरांना हे मान्य नव्हतं. "म्हणतो की मी चहाला."

"काय म्हणता?"

त्यांनी आठवून पाहिलं. "बरा आहे म्हणतो."

"मग?"

"माझ्याकडे तेच सगळ्यात मोठं वजन आहे."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ठेवते आता. बॅग भरायचीय."

अँटीव्हायरसने तो पासवर्ड विनातक्रार घेतला. जाता जाता मात्र त्याने विचारलं, की आपण आम्हाला का सोडत आहात. चार कारणं दिली होती. त्यातलं एकही बरोबर नव्हतं, म्हणून काटेकोरांनी 'इतर' निवडलं आणि समोरच्या रिकाम्या चौकटीत खरं ते लिहिलं : "ती दिसत नव्हती." अँटीव्हायरसने आभार मानले आणि तो गेला.

रविवारी पाच वाजता ती पडद्यावर आली ती चाळीस मिनिटं कुठेही थिजली नाही. बोलणं असं फारसं झालंच नाही. ती पाठमोरी बॅग भरत होती आणि काटेकोर बघत होते.

बुधवारी ती आली. हातपाय धुऊन तिने आधी चहा ठेवला आणि डब्यात चिमटी घातली. तेवढ्यात काटेकोर काटा घेऊन पुढे झाले, पण पत्ती पडून गेली होती. राहू दे, उद्या करू वजन, असं मनाशी म्हणून ते कप घेऊन बसले. एक घोट घेतला. तीन महिने सतरा दिवसांनी तो चहा जसा हवा तसा होता.

"बरा आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "चहा छान झालाय."

"पासवर्ड बदलणार आहे मी," बायको म्हणाली. पण तिने त्यांच्या कपात आणखी थोडा ओतला.

संध्याकाळपर्यंत तिने दुसरा अँटीव्हायरस आणून बसवला. उघड्या लॅपटॉपवर तिचा विश्वास नव्हता, आणि काटेकोरांवर तर मुळीच नव्हता. आता पाच वाजता दोघांनी मिळून नातीला बघायचं ठरलं होतं, आणि या नव्यानेही तपासणीसाठी नेमके पाचच धरले होते. "तेवढी वेळ बदला हो तुमच्या हाताने," तिने स्वयंपाकघरातून सांगितलं. काटेकोर बसले. वेळेच्या रकान्यावर बोट ठेवताच चौकट आली, आणि चौकटीखाली बारीक अक्षरांत खूण :

"हे एकदाच म्हणाले."

या वेळी त्यांना वही लागली नाही, वहिनीही लागल्या नाहीत. 'हे' कोण ते माहीत होतं. त्यांनी फोनवरचे ते दोन शब्द एकेक अक्षर दाबून घातले आणि कुलूप पहिल्याच खेपेला उघडलं. त्यांनी तपासणीची वेळ सकाळी अकराची केली, पण खुर्चीतून ते उठले नाहीत. खूण त्यांना टोचत होती. माप चुकीचं असलं की त्यांना राहवत नसे.

"एकदाच नाही," ते आतल्या दिशेने म्हणाले. "दोनदा म्हणालो. पहिल्यांदा तुला ऐकू आलं नव्हतं."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"आलं होतं," बायको म्हणाली.